चौथी वडी

भाद्रपद लागला की मी गुडघ्यावर येते. साताऱ्याच्या कडेला आमचं घर आहे, मागं डोंगर आणि पुढं सोयाबीन. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात शेजारणी मखराच्या आणि मोदकांच्या गडबडीत असतात, आणि मी माझ्याच घराच्या भिंतींच्या तळाशी रांगत असते. भिंत आणि फरशी जिथं भेटतात तिथून बोट फिरवत जाते. कुठं पोपडा सुटलाय, कुठं सांधा उघडलाय, कुठल्या दाराखाली करंगळी शिरतेय. माझी लेक ओवी आता अकरा वर्षांची आहे. ती मैत्रिणींना सांगते की आमची आई वर्षातून एकदा घराची पूजा करते, पण हळदकुंकू लावत नाही. मी तिला रागवत नाही, कारण तिचं फारसं चुकत नाही.

परवा मागच्या खोलीत चौकटीवर मातीची एक रेघ दिसली. सुतळीएवढी जाड, फरशीपासून निघून हातभर वर चढलेली. आदल्या दिवशी ती तिथं नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. वाळवी! मी केसातली पिन काढून ती रेघ जराशी फोडली. आत पांढुरके जीव एकदम पांगले, आणि मी बघतेय तोवर त्यातले दोन-चार परत आले आणि ओल्या मातीचा एकेक कण आणून ते भगदाड बुजवायला लागले. त्यांना डोळे नसतात म्हणे. ऊन लागलं की ते मरतात. म्हणून जिथं जायचं तिथपर्यंत स्वतःच छत घालत जातात. मी चहा विसरून तिथं बसून राहिले. जे माझं घर खायला निघालेत त्यांच्याकडे असं हात जोडल्यासारखं बघत बसणं शहाणपणाचं नाही, पण मला राहवलं नाही.

मग करायचं ते केलंच. आधी ओल कुठून येतेय ते शोधलं. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे, तिथल्या गरम पाण्याच्या नळाचा सांधा पाझरत होता. तो दुरुस्त करून घेतला. नंतर माणूस बोलावून फरशीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडलं आणि भोकं सिमेंटनं बुजवली. मी काही साध्वी नाही. पण औषधवाल्याला फोन करण्याआधी नळ बघायचा, हा क्रम माझा नाही. तो मला सांगलीत एका बाईनं शिकवला, आणि ज्या भाद्रपदात शिकवला तो मी विसरलेले नाही.

तेव्हा ओवी अडीच वर्षांची होती. नवरा फौजेत, सरहद्दीकडे, जिथं बायकामुलांना नेता येत नाही. मी विश्रामबागेत एका विम्याच्या कचेरीत नोकरीला होते. कचेरीपासून जवळ म्हणून जागा बघत बघत कॉलनीच्या शेवटच्या घरापाशी पोचले. त्याच्या कुंपणापलीकडे ऊसच सुरू होत होता. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. खाली मालकीणबाई एकट्या राहायच्या. साठी उलटलेली, काटकुळी बाई, पांढऱ्यावर बारीक बुट्ट्यांचं लुगडं. जैन शेतकरी घराणं. ऊस भावकीला कसायला दिलेला, मुलगा पुण्याला. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

अक्कांनी अटी सांगितल्या. घरात मटण-मासे-अंडी शिजायची नाहीत, हे मी धरूनच चालले होते. आमचं माहेर रहिमतपूरचं, तीन पिढ्या फौजेत, रविवारी मटण नसलं तर कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजायचे. पण म्हटलं, ते माहेरी जाऊन खाऊ. दुसरी अट ऐकून मात्र मी चमकले. या घरात औषध मारायचं नाही. डासांची अगरबत्ती नाही, झुरळांचा फवारा नाही, उंदराची गोळी नाही. "हितं जीव मारायचा न्हाई," त्या म्हणाल्या, आणि लगेच पाण्याची टाकी कधी भरते ते सांगू लागल्या, जणू दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या होत्या.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. ढेकूण झाले तर त्यांना ओवाळायचं का गं, म्हणाली. मीही हसले. मनात म्हटलं, चार दिवस बघू, नाहीतर गुपचूप काय करायचं ते करू. माणसाचं हे 'गुपचूप' फार वाईट असतं, पण ते पुढं.

दोन महिने झाले तरी मला त्या घरात एक झुरळ दिसलं नाही. सांगलीसारख्या गावात, पावसाळ्यात, शेजारी ऊस असताना! आधी मला वाटलं नशीब. मग मी सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून अक्कांना बघायला लागले आणि हळूहळू थक्क होत गेले.

त्या सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. हे मला माहीत होतं, जैनांचा नेम म्हणून. पण त्याचा दुसरा अर्थ कधी लक्षात आला नव्हता. दिवेलागणीला अक्कांचं स्वयंपाकघर भांडी घासून, ओटा पुसून, मोरी कोरडी करून मिटलेलं असायचं. अंधारात बाहेर पडणाऱ्या जिवाला तिथं खायला कण नव्हता आणि प्यायला थेंब नव्हता. आठवड्यातून एक दिवस घरातलं साठलेलं सगळं पाणी झाडांना जायचं आणि पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या उन्हात पालथ्या पडायच्या, त्यामुळं डासांना अंडी घालायला जागाच उरायची नाही. डाळींना एरंडेल चोळलेलं, गव्हात कडुलिंबाचा वाळवलेला पाला. घराभोवती हातभर रुंदीचा सिमेंटचा पट्टा होता. त्यावर कुंडी नाही, लाकूड नाही, वीट नाही. तिथं मुंगी चालली तरी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पेरूच्या झाडाची फांदी गच्चीच्या दिशेनं वाढली की त्या स्वतः शिडी लावून छाटायच्या. एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात थापी, पकड, खिळे आणि पुडीभर सिमेंट असायचं. भिंतीला चीर दिसली की डबा निघालाच. गॅसची नळी दर महिन्याला साबणाचं पाणी लावून बघायच्या, बुडबुडा आला तर बदलायची. माझी वरची नळीही त्याच बघून जायच्या. मी कचेरीत असले की ओवीला सांभाळायच्याही त्याच, दुपारी ती त्यांच्याच खोलीत झोपायची.

एकदा मी न राहवून म्हटलं, अक्का, एवढं रोज करण्यापेक्षा वर्षातून एकदा फवारणी केली तर काम संपेल. त्या तेव्हा दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मारायचं न्हाई म्हणलं, की आदी लय काम करावं लागतंय."

मला ते वाक्य तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं. आज घर सांभाळताना त्याच्याएवढं खरं काही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी काय बघत होते ते कळेल. परसात लहानसा आड होता. अक्का पिण्याचं पाणी त्यातलंच काढायच्या आणि दुहेरी फडक्यातून गाळायच्या. गाळून झालं की फडकं गाळलेल्या पाण्यानंच एका भांड्यात खळबळायच्या आणि ते पाणी बादलीत घेऊन परत आडात सोडायच्या. नुसतं वरून ओतायच्या नाहीत. बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायच्या आणि मग दुसऱ्या दोरीनं हलकेच कलती करायच्या. का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, उंचावरनं टाकलं तर लागंल की त्यांना. त्या फडक्यात डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. जे दिसत नाही त्याला लागू नये म्हणून एक म्हातारी बाई रोज सकाळी आडावर वाकून उभी असायची. मी वर ब्रश करत ते बघायची आणि तोंडातला फेस थुंकायचंही विसरायची.

भाद्रपदाचं असं असतं की पाऊस धड जातही नाही आणि धड थांबतही नाही. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी कुबट. जमीन पिऊन पिऊन भरलेली असते. त्या वर्षी कुंपणापलीकडच्या उसात घोट्याएवढं पाणी साचलं. ऊस उभाच होता, पण त्याच्या बुडाशी ज्यांची बिळं होती त्यांची घरं बुडाली. त्यांनी काय करावं? जे आपण करतो तेच. कोरडी जागा बघितली.

माझ्याकडे पहिल्यांदा साबण कुरतडलेला दिसला. मग माळ्यावर खुडबुड. मग कांद्याच्या टोपलीत लेंड्या. अक्कांना सांगितलं तर त्यांनी जाळीचा पिंजरा आणून दिला आणि भाकरीचा तुकडा कसा अडकवायचा ते दाखवलं. दोन दिवसांनी एक उंदीर सापडला. अक्का पिंजऱ्यावर फडकं टाकून, त्याला भिऊ नको भिऊ नको म्हणत, पार कालव्यापलीकडे सोडून आल्या. गल्लीतले लोक चेष्टा करायचे की अक्का घरी पोचायच्या आत उंदीर पोचलेला असतो. त्या हसायच्या. पण माळ्यावरची खुडबुड काही थांबली नाही.

कचेरीत एकीनं सांगितलं की उंदीर झोपलेल्या पोरांची बोटं कुरतडतात, फुंकर घालून घालून, कळतसुद्धा नाही. त्यानंतर माझी झोप गेली. मग एका सकाळी ओवीच्या उशीचा अभ्रा, जिथं रात्री दूध सांडलं होतं तिथं, गोल कुरतडलेला दिसला. तिच्या गालापासून चार बोटांवर. तो अभ्रा हातात घेऊनच मी आईला फोन केला. या वेळी ती हसली नाही. "औषध टाक," म्हणाली, "लेकरापरीस उंदीर थोर न्हाई."

मी दुपारच्या सुट्टीत शेतीच्या औषधांच्या दुकानातून निळसर वड्यांचं पाकीट आणलं आणि डब्याच्या पिशवीत लपवून अक्कांच्या समोरून वर नेलं. त्या दळण निवडत होत्या, त्यांनी मान वर करून पाऊस लागला का म्हणून विचारलंसुद्धा. दुकानदारानं लहान मुलांपासून लांब ठेवा म्हणून बजावलं होतं. म्हणून मी स्टुलावर चढून माळ्यावर, ट्रंकेच्या मागं, चार कोपऱ्यांत चार वड्या ठेवल्या. पुरुषभर उंचावर. अडीच वर्षांच्या पोरीचा हात तिथं कसा पोचणार? मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

त्याच आठवड्यात अक्कांचं दशलक्षण सुरू झालं, भाद्रपदातलं दहा दिवसांचं व्रत. त्या दिवसातून एकदाच, बसल्या जागी जेवायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. चेहरा सुकला होता, पण कामं चालूच.

रविवार होता. दुपारचे साडेतीन झाले असतील. सर येऊन गेली होती आणि मी गॅलरीत कपडे पिळत होते. खाली परसात, कपडे धुवायच्या दगडापाशी, अक्का मांडी घालून जमिनीवर बसलेल्या दिसल्या. ओल्या जमिनीवर अशा का बसल्या म्हणून मी वाकून बघितलं. त्यांच्या गुडघ्यापुढं एक उंदीर आडवा पडला होता. पोट भराभरा हलत होतं. अक्कांनी त्याच्या तोंडाजवळ ओंजळीतून दोन थेंब पाणी सोडलं होतं, आणि त्या त्याच्यावर झुकून हलक्या आवाजात जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होत्या. घरातलं माणूस जाताना त्याच्या कानात म्हणतात तसा. घाई नव्हती, किळस नव्हती. एक पाय ताठ झाला, पोट थांबलं, तरी त्यांनी मंत्र मधेच सोडला नाही. पूर्ण केला, मग पदरानं डोळे पुसले.

मी पिळलेला कपडा हातात घेऊन उभी होते. मला कुणी बघितलं नव्हतं. पण मला जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. मी या बाईच्या घरात विष आणलं होतं, आणि मी मारलेल्या जिवाला ती निरोप देत बसली होती. त्याच वेळी असंही वाटलं की असं काही आपण परत कधी बघणार नाही. दोन्ही एकदमच वाटलं. आत गेले ते थेट स्टूल ओढलं. उरलेल्या वड्या उचलायच्या, गटारात नाही, कागदात बांधून टाकून द्यायच्या, आणि विषय संपवायचा.

पहिल्या कोपऱ्यातली वडी अर्धी खाल्लेली. दुसरी तशीच. तिसरीचा चुरा. चौथ्या कोपऱ्यात काही नव्हतं. मी ट्रंक ओढली, हात फिरवला, मोबाईलचा उजेड पाडला. चुरासुद्धा नव्हता. चौथी वडी कुणीतरी अख्खी उचलून नेली होती.

उंदीर खाऊ साठवतो, एवढं मला शाळेतही शिकवलं होतं. पण ते डोक्यात आलं नव्हतं. वडी आता घरात कुठंही असू शकत होती, जमिनीवर, ओवीच्या उंचीवर. चॉकलेटएवढी, निळी, गोडूस वासाची. ओवीला सापडलं की आधी तोंडात जातं, मग मला दाखवलं जातं. मी पाकीट काढून वाचलं. परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी दिसतो, असं लिहिलेलं. वड्या ठेवून पाच दिवस झाले होते, चौथी कधी उचलली गेली ते माहीत नव्हतं, म्हणजे खाली अक्कांच्या खोलीत गाढ झोपलेली माझी पोर बरी आहे की नाही हे तिच्याकडे बघून कळणार नव्हतं.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. अक्का परसात खड्डा करून उंदराला माती देत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. औषध आणलं, वर ठेवलं, एक सापडत नाही. मला वाटलं आता ऐकावं लागणार. आणि मला ते ऐकायचंच होतं.

"ठेवल्या किती हुत्यास?"

"चार."

"आन हायत किती?"

"तीन."

त्यांनी हाताची माती झटकली. आधी डॉक्टरला फोन लाव, म्हणाल्या. मी ओवीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, खाल्लंय का. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, तिला आणि पाकिटाला घेऊन अर्ध्या तासात दवाखान्यात या, मी येतो, आणि तोवर ती वडी सापडली तर बघा, कारण ती किती उरलीय यावर बरंच ठरेल.

मी वर पळाले आणि सैरावैरा सगळं उपसायला लागले. गाद्या, खेळणी, डबे. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं. "माणसागत शोधू नगंस," म्हणाल्या. "त्येच्यागत शोध."

आणि मग मी जे बघितलं ते आठवलं की अजून थक्क व्हायला होतं. अक्का माळ्याखाली उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या. उंदीर मोकळ्यातून कधी चालत नाही, त्या सांगत होत्या, तो मिशी भिंतीला लावून चालतो, रोज त्याच वाटेनं, आणि त्याच्या अंगाचं तेल भिंतीला लागतं. मी चार महिने त्या खोलीत राहत होते. भिंतीवर वायरच्या पट्टीशेजारून उतरत गेलेली ती फिकट तपकिरी रेघ मला कधीच दिसली नव्हती. अक्कांनी तिच्यावर बोट ठेवलं. माळ्यावरून पट्टीच्या कडेनं खाली, कपाटाच्या मागं, तिथून फरशीलगत भिंत धरून, दाराशी जरा थांबून, पलीकडच्या भिंतीला. त्या वाकून, मग गुडघ्यावर येऊन, रेघेच्या मागं मागं सरकत होत्या. दिवसभरात एक जेवण झालेली बाई, श्वास लागलेला, पण बोट कुठं उचललं नाही. मी मागून रांगत होते. माझ्या पोरीचा जीव त्या बोटाच्या टोकाशी होता.

रेघ दिवाणाखाली गेली. तिथं नवऱ्याचे जुने फौजी बूट होते. सुट्टी संपवून जाताना तो ते ठेवून गेला होता, आणि ओवी बाबाची आठवण आली की ते ओढून काढायची, त्यात पाय घालून घरभर ठक ठक करत फिरायची. रोज. कालसुद्धा फिरली होती. अक्कांनी डावा बूट ओढला आणि कागदावर उलटा केला.

आधी शेंगदाणे पडले. मग हरभरे. ओवीची गुलाबी क्लिप, साबणाचा तुकडा, माझ्या ब्लाउजचं बटण. आणि मग टोकाला घट्ट अडकलेली वडी, बोट घालून काढावी लागली. अक्कांनी ती तळहातावर धरून उजेडाकडे फिरवली. चारी कडा शाबूत होत्या. नुसती एका बाजूला दोन बारीक दातांची खूण, उचलून आणताना धरल्याची.

"अक्खी हाय," त्या म्हणाल्या. "पोरीनं शिवल्याली न्हाई." आणि मी तिथंच फरशीवर बसून हंबरडा फोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओवीला तपासलं, वडी बघितली, खबरदारी म्हणून दोनदा रक्त तपासलं. काही नव्हतं. पुढं मीच वाचून काढलं की असलं औषध ठेवायचंच असेल तर तारेनं बांधून, कुलपाच्या पेटीत ठेवतात, नुसतं उंचावर ठेवून भागत नाही. आपण उंची मोजतो आपल्या हातानं. उंदराला उंची नसते, त्याला फक्त वाट असते.

तो बूट मात्र मनातून जात नाही. एका मुठीएवढ्या जिवानं बुडालेल्या घरातून येऊन, अनोळखी भिंतीवर स्वतःची वाट पाडून, पुढच्या वाईट दिवसांसाठी दाणा दाणा जमवला होता. मीही तेच करत होते. नवरा लांब, लेकरू लहान, डबे भरून ठेवायचे. त्याच्या साठ्यात मी विष घातलं, आणि त्यानं ते नकळत माझ्या पोरीच्या पायाशी आणून ठेवलं. याचा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मला नुसती धडकी भरते, आणि त्या धडकीत कुठंतरी नमस्कार असतो.

दुसऱ्या दिवशी खाली कुकरची शिट्टी झाली नाही. एक जेवण होतं, तेही अक्कांनी सोडलं. घर त्यांचं, म्हणून त्यात गेलेला जीव त्यांच्या माथी, असा त्यांचा हिशेब असणार. मला त्यांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. ओवीला नेहमीसारखी मांडीवर घेतली, माझ्याशी पाण्याबद्दल, विजेबद्दल बोलल्या. ते न बोलणं मला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर परत बोलता तरी आलं असतं. मी दोन ठिकाणी जागा बघून ठेवल्या. व्रत संपलं की त्या जा म्हणणार, हे मी गृहीत धरलं होतं, आणि त्यांचं चुकलं असतं असंही नाही.

दशलक्षण संपलं की जैनांत क्षमावाणी असते. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांच्यापुढं हात जोडून क्षमा मागायची. त्या दिवशी सकाळपासून खाली माणसं येत होती, हात जोडत होती, जात होती. मी वर तयार होऊन बसले होते. वर्दळ कमी झाली की उतरायचं, पाय धरायचे, मग काय व्हायचं ते होवो. वाक्यंसुद्धा पाठ केली होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात अक्काच उभ्या राहिल्या. दहा दिवसांच्या व्रतानं वाळलेल्या, धुतलेलं लुगडं नेसलेल्या. त्या खाली वाकल्या आणि आधी ओवीपुढं हात जोडले. ओवीला तो खेळ वाटला, तिनंही जोडले. मग माझ्याकडे वळल्या.

"आषाढातच मला दिसलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या मोरीच्या पायपाची जाळी गंजून पडलीया. आज बसवू, उद्या बसवू म्हणत ऱ्हायले. माझ्या आळसापायी त्यो जीव आत आला, आन तुझ्यावर मारायची येळ आली. पोरीवर बेतलं. क्षमा कर."

ज्या बाईच्या घरात मी लपवून विष आणलं, ती माझ्यासमोर हात जोडून उभी होती, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. तिला खरोखरच वाटत होतं की चूक एका जाळीपासून सुरू झाली आणि ती जाळी तिची होती. एवढं मोठं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पदराखालून नवी कोरी जाळी काढली, चार स्क्रू काढले आणि मोरीत जाऊन उकिडव्या बसल्या. ये, हिकडनं धर, म्हणाल्या. मी साडीचा काठ खोचून त्यांच्या शेजारी बसले आणि जाळी भोकावर दोन्ही हातांनी दाबून धरली. त्यांनी तीन स्क्रू ओठांत धरले आणि चौथा पिळायला लागल्या. माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"अक्का," मी म्हटलं, "मी तुमचा शब्द मोडला. मला क्षमा करा."

त्यांनी ओठांतले स्क्रू तळहातावर काढून घेतले.

"केली," त्या म्हणाल्या. "जाळी हलवू नगंस."